झाकलेलं गाडगं

माझ्या बायकोला, नंदिनीला, माझा एकच दुर्गुण सांगायला सांगा. ती भाकरीपासून सुरुवात करेल. लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि पस्तीस वर्षं मी जेवताना म्हणत आलो, "चांगली झाली, पण आईच्या भाकरीसारखी नाई." सुरुवातीला तिनं फार मनावर घेतलं. ज्वारी बदलली, चक्की बदलली, तवासुद्धा बदलला. मग तिनं माझं ऐकणंच सोडून दिलं. आता मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणते, "होय, नाई तशी. गिळा आता."

पण ती भाकर खरंच वेगळी होती हो. पांढऱ्या भाकरीवर बारीक ठिपके असायचे, कधी तांबडे, कधी काळे. रंग दर महिन्याला बदलायचा आणि चवही. एखाद्या महिन्यात तांदळासारखी गोडसर, तर पुढच्या महिन्यात जरा चिकट. इतरांच्या घरची भाकर एकाच रंगाची, आमचीच तेवढी नटलेली. मी विचारायचो, "आई, यात काय टाकते व?" आई, मनकर्णा तिचं नाव, परातीतली नजर न काढता म्हणायची, "खाय गुपचूप." मी गुपचूप खायचो.

मी अश्वजित थूल. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, हिंगणघाट आगारात. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, पण अजून चार माणसं एकत्र दिसली की तोंडातून "पुढे सरका" निघतं. माणसाला तिकीट नसेल तर मी त्याला भर उन्हात उतरवलेलं आहे. स्वभाव तसाच आहे आणि त्याचा मला फायदा कमी, त्रासच जास्त झाला. आमचं गाव बोरखेडी, समुद्रपूरपासून आठ किलोमीटर. आमच्या वस्तीत चौतीस घरं.

या चौतीस घरांची एक रीत आहे. प्रत्येक घरी चुलीजवळ एक गाडगं. सकाळी स्वयंपाकाला हात लावायच्या आधी घरातल्या सगळ्यात लहान पोरानं त्यात एक मूठ दाणे टाकायचे. मोठ्याची मूठ चालत नाही, लहानाचीच पाहिजे. पुनवेच्या दिवशी विहारात वंदना झाली की घरची बाई गाडग्यावर फडकं बांधून ते विहाराच्या मागच्या खोलीत घेऊन जाते. तिथे पत्र्याची मोठी कोठी आहे. एका वेळी एकच बाई आत जाते. दाराशी कोठीची राखण करणारी बाई बसते, ती आतल्या बाजूला पाठ करून. आत गेलेली बाई आपलं गाडगं कोठीत ओतते, किंवा घरात नड असेल तर कोठीतून भरून घेते. पुन्हा फडकं बांधते आणि बाहेर येते. जाताना झाकलेलं, येताना झाकलेलं. गाडगं रिकामं असलं तरी दोन्ही हातांनी, जड असल्यासारखं धरायचं, हेसुद्धा पोरींना लहानपणीच शिकवतात. कोणी दिलं आणि कोणी नेलं, हे विचारायचं नाही.

याला कारण आहे. आमच्या आज्या-पणज्यांना संध्याकाळी गावात घरोघरी फिरून शिळी भाकर मागावी लागायची. त्याला हक्क म्हणायचे, पण दारात उभं राहून मागणं ते मागणंच. छप्पन साली आमची माणसं दीक्षा घेऊन नागपूरहून परत आली आणि ठरवलं, यापुढे हात पसरायचा नाही. आता भूक काही दीक्षा घेत नाही. म्हणून मग ही कोठी आली.

मला या रितीचा अभिमान होता आणि त्याहून जास्त आमच्या घराचा. माझा बाप, नत्थू, हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हमाल होता. मी सात वर्षांचा असताना त्याच्या पाठीवर कापसाची गठाण पडली आणि तो दोन वर्षं खाटेवर होता. तरी आईनं रोज सकाळी माझ्या हातानं गाडग्यात मूठ टाकून घेतली. एक दिवस चुकला नाही. ही गोष्ट मी बसमध्ये सांगितली आहे, लग्नात सांगितली आहे, मयतीतही सांगितली आहे. "आमच्या घरानं कोठीतून दाणा घेतला नाई, फक्त देल्ला." आईनं घेतलं नाही असं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. पण रोज सकाळी मूठ टाकणारं पोर दुसरं काय समजणार?

आता काळ बदलला. कोठीत रेशनचा गहू-तांदूळ जास्त आणि ज्वारी कमी. नोकरीला लागलेली पोरं गाडग्यात नोटाही टाकतात, म्हणून बँकेत निधीचं खातं काढलं आणि रिटायर माणूस मोकळा दिसला म्हणून सगळ्यांनी मला सचिव केलं. या निधीतून आजवर औषधपाणी झालं, पोरांची पुस्तकं झाली. पण यंदा रुचिकाचा नंबर वर्ध्याला नर्सिंगला लागला आणि निधी तोकडा पडला.

रुचिका म्हणजे रोशनीची एकुलती एक मुलगी. रोशनीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, ती दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जाते. पोरगी हुशार. लहानपणी माझ्या घरी येऊन माझं जुनं तिकिटांचं मशीन गळ्यात अडकवायची आणि नंदिनीला तिकीट फाडून द्यायची. तिची पहिल्या वर्षाची फी पुढच्या आठवड्यात भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

वर्ध्याला 'जिल्हा समाजनिधी' नावाची संस्था आहे. जिल्ह्यातले डॉक्टर, दुकानदार, शिकून बाहेर गेलेली पोरं तिथे पैसे देतात आणि संस्था ते गावोगावच्या आमच्यासारख्या निधींना जोड म्हणून देते. आम्ही जेवढे घालू तेवढे ते घालणार. त्यांची मयुरी नावाची मुलगी स्कुटीवरून आली. ती कारंजा घाडगेची, पंचवीस वर्षांची, बोलायला गोड. आमची रीत ऐकून तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं अर्ज काढला. त्याला दोन याद्या जोडायच्या होत्या. पहिली दात्यांची. दुसरी लाभार्थ्यांची, म्हणजे आजवर या निधीतून कोणी कोणी घेतलं त्यांची, सहीसकट. शिवाय एक-दोन फोटो. सोमवारपर्यंत.

मी म्हणालो, "आमच्यात घेणाऱ्याचं नाव घेत नाई, बेटा."

"काका, मला कळतं. पण ज्यांनी पैसे दिले ते मला विचारणार ना, की निधी खरंच कोणाच्या उपयोगी पडतो का? मी काय दाखवू त्यांना?"

तिचं चुकत नव्हतं. बिनतिकिटाचा प्रवास मलाच कधी चालला नाही. मी म्हणालो, "होऊन जाईल."

शुक्रवारी दुपारी विहारात सगळ्यांना बोलावलं. पहिली यादी दहा मिनिटांत झाली. चौतीसच्या चौतीस घरं, सह्या फटाफट. मग मी दुसरा कागद काढला आणि वाचून दाखवला. मी एकेकाकडे बघितलं, एकेकानं खाली बघितलं. मागून रुपेश म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची राहू द्या ना, काकाजी." रुपेश वीज कंपनीत आहे, दारात गाडी आहे. त्याला थट्टा परवडते. माझं डोकं फिरलं.

"पोट्टीची जागा चालली अन् तुम्ही मुके बसले! घ्यासाठी लाज नाई वाटली, मंग लिहाले काऊन वाटून राह्यली?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलून गेलो आणि समोर बघितलं तर रोशनी उभी होती.

"काकाजी," ती म्हणाली, "माह्या पोरीची फी राहू द्या. माह्या आजीनं दारोदारी मागतलं. माह्या मायनं ते सोडलं. आता मी माह्या पोरीले लाभार्थी म्हणून कागदावर नाई चढवत. मजुरी करन ते माह्यासंग." तिनं रुचिकाचा हात धरला आणि दोघी निघून गेल्या. पोरगी दारातून एकदा मागे वळून माझ्याकडे बघून गेली. ते बघणं मला अजून आठवतं.

जिजाबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, पन्नासहून जास्त वर्षं कोठीची राखण करते. मी तिला मावशी म्हणतो. ती म्हणाली, "अश्वजित, तुव्हं घर लिही पहिलं."

"आमच्या घरानं घेतलंच नाई, मावशी. खोटं कसं लिहू?"

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं बाप्पा."

शनिवारी सकाळी मयुरी कोठीचा फोटो काढायला आली. रोशनीचं मी तिला काही सांगितलं नाही, माझीच लाज होती. जिजामावशीनं किल्ली काढून दिली, पण कोठीच्या झाकणाची कडी गंजलेली, मयुरीच्या हाताला ती हलेना. मावशी मला म्हणाली, "जाय, तूच उघडून दे."

एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी त्या खोलीत कधी पाय ठेवला नव्हता. ती बायांची जागा. मी दरवाजातच अडलो, तर मावशी म्हणाली, "जाय म्हणलं ना." मी आत गेलो, कडी ठोकून काढली, झाकण उचललं आणि सहज हात घालून मूठभर दाणे उन्हाच्या तिरिपेत धरले.

पांढरी ज्वारी होती. पिवळसर ज्वारी होती. थोडा गहू, थोडा तांदूळ. मध्येच काळे उडीद, चार-दोन तांबडे दाणे, मुगाचा एखादा. चौतीस घरांचे दाणे एका मुठीत.

माझा हात तिथंच थांबला. आमचं शेत नव्हतं. बाप खाटेवर पडल्यावर आईला मजुरीची ज्वारी एकाच वावरातून यायची, एकाच मालकाची, पांढरीफटक. उडीद आम्ही कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. मग आईच्या भाकरीवर ते काळे-तांबडे ठिपके कुठून आले? दर महिन्याला रंग का बदलायचा? आणि तो पुनव झाल्यावरच का बदलायचा?

"काका, हलू नका," मयुरी म्हणाली आणि तिनं माझ्या मुठीचा फोटो काढला. हलायला सांगितलं असतं तरी मला जमलं नसतं.

बाहेर येऊन मी मावशीजवळ बसलो. "मावशी, माही आई भरून नेत होती का?"

"मले काय माईत? मी तं पाठ करून बसत होती."

"पन्नास वर्षं?"

"पन्नास वर्षं. मान आखडली माही." मग तिनं माझ्या बंद मुठीकडे बघितलं. "घरी ने ते. अजून थोडे घे. अन् झाकून ने."

मी दाणे झाकून घरी नेले. नंदिनीला म्हणालो, एवढं दळून भाकर कर. तिनं दाणे बघितले, माझ्याकडे बघितलं. मिक्सरवर जाडसर दळलं आणि दुपारी भाकर थापली. पहिला घास घेतला. पुढचा घेता आला नाही. मी ताटावर बसून लहान पोरासारखा रडलो.

"काय झालं? आजबी नाई का तशी?"

"तशीच आहे," मी म्हणालो आणि तिला सगळं सांगितलं.

नंदिनी पदरानं हात पुसत म्हणाली, "मंग पस्तीस वर्षं माह्या नावानं काऊन बोंबलले? अशी भाकर एकट्या बाईनं होत नाई. त्याले चौतीस घरं लागते."

आईनं घेतलं याची मला लाज वाटली नाही. लाज वाटली ती माझ्या तोंडाची. तिनं जे जन्मभर झाकून ठेवलं, त्यावर उभा राहून मी गावभर मिरवत होतो. आणि एक गोष्ट मला आत कुठेतरी लागली. पुनवेला ती गाडगं भरून आणायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आणलेल्या दाण्यांतली मूठ माझ्या हातानं परत गाडग्यात टाकायला लावायची. घरात खायला नसताना. माझा हात देणाऱ्याचाच राहावा, एवढ्यासाठी. आई असती तर मी तिच्या पाया पडलो असतो. तिला जाऊन बावीस वर्षं झाली.

संध्याकाळी रोशनीकडे गेलो. ती अंगणात भांडी घासत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं, "रोशनी, माह्या आईनं कोठीतून घेतलं होतं. दोन वर्षं."

"मले काऊन सांगून राह्यले?"

"काल तुले बोललो म्हणून. चुकलो मी. अन् तुहं बरोबर आहे, तुहं नाव मी एकटं लिहू देणार नाई."

ती राख लावलेलं पातेलं घासत राहिली. मग ते विसळून पालथं घातलं आणि म्हणाली, "चहा घेता का?" मी घेतला.

रविवारी सकाळी पुन्हा विहारात सगळ्यांना बोलावलं. रोशनी आली, पण दाराशीच बसली. मी दुसरा कागद काढला आणि सगळ्यांसमोर पहिल्या ओळीत लिहिलं, मोठ्यानं वाचत लिहिलं. मनकर्णा नत्थू थूल. खाली माझी सही केली. सही वाकडी आली.

जिजामावशी म्हणाली, "माह्यं लिही दुसरं." आणि अंगठा पुढे केला.

मग रुपेश उठला. "आमचं बी लिहा, काकाजी."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या आज्याला बैलजोडी होती. "तुमच्या घरानं खरंच?"

"इचाराचं नसते, हे तुम्हीच तं आम्हाले शिकवलं," तो म्हणाला आणि या वेळी थट्टा करत नव्हता.

मग लोक उठत गेले. म्हातारे आले, सुना आल्या. कोणी खरंच घेतलं होतं, कोणी नसेलही, मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. तेहतीस सह्या झाल्या. शेवटी रोशनी दाराजवळून उठून आली, कागद वरून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "आता माह्यं एकटीचंच नसलं तं वाईट दिसन." आणि सही केली. रुचिका तिच्या मागे उभी होती. माझ्याकडे बघून हसली.

सोमवारी कागद पाठवले. फोटो तोच लावला, मुठीचा. त्यात कोणाचंच तोंड नव्हतं. दुपारी मयुरीचा फोन आला.

"काका, थोडी गडबड झाली. लाभार्थ्यांची यादी राहिली पाठवायची. तुम्ही दात्यांचीच यादी दोनदा जोडली आहे."

"नाई बेटा. सह्या पाह्य. दुसऱ्या कागदावर पहिली सही वाकडी आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती पुटपुटत सह्या मोजायला लागली.

"चौतीस," ती हळूच म्हणाली. "दोन्हीकडे चौतीस."

"होय. आता सांग, चालते का?"

"अर्जात असं बसत नाही, काका. पण तुम्ही काही बदलू नका. समितीपुढे मी स्वतः वाचून दाखवते."

गुरुवारी मंजुरीचा निरोप आला. समितीत काय बोलणं झालं, हे मयुरीनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. फी शेवटच्या दिवशी भरली. रुचिकाला वर्ध्याच्या बसमध्ये मीच बसवून दिलं. कंडक्टर माझ्या हाताखाली शिकलेला होता, त्याला मी दारातून ओरडून सांगितलं, हिला पुढची सीट दे. रोशनी बस दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर उभी होती आणि मी तिच्या शेजारी उभा होतो.

आमच्या घरात आता लहान पोर नाही. नंदिनी म्हणाली, "अक्कल पाह्यली तं सगळ्यात लहान तुम्हीच." तेव्हापासून रोज सकाळी मूठ मीच टाकतो.

आश्विनातली पुनव आली. वंदना झाली. नंदिनी गाडग्यावर फडकं बांधून उठायला लागली, तर मी तिच्या हातातून ते घेतलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. जिजामावशीनं मला दाराशी येताना बघितलं आणि आखडलेली मान सांभाळत सावकाश पाठ फिरवून बसली.

आत जाऊन मी गाडगं ओतलं की भरलं, ते मी सांगणार नाही. बाहेर येताना ते झाकलेलं होतं आणि मी ते दोन्ही हातांनी धरलं होतं.